कापलेल्या रिळांतून : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेले, की युद्धाचे माहितीपट मला बघवतात, युद्ध संपल्यानंतरचे बघवत नाहीत. त्या ओळीवर नऊ पत्रं आली. संपादकांनी पानं काही वाढवून दिली नाहीत, तेव्हा चारच घेते. नेहमीप्रमाणे नावं छापत नाही, गाव तेवढं लिहिते. नव्या वाचकांसाठी सांगते, मी जन्मभर माहितीपटांचं संकलन केलं. म्हणजे दुसऱ्यांनी उन्हातान्हात टिपून आणलेली माणसं मी पंख्याखाली बसून कापली आणि जोडली. आधी स्टीनबेकवर, म्हणजे फिल्म कापण्या-जोडण्याच्या टेबलावर, चिकटपट्टीने, मग संगणकावर.

कराडहून एक निवृत्त शिक्षक लिहितात : *नातवाने मला लॅपटॉपवर 'लेट देअर बी लाइट' हा जुना अमेरिकन माहितीपट दाखवला. दुसऱ्या महायुद्धातून मनाने खचून परतलेले सैनिक एका इस्पितळात उपचार घेताहेत. एका मुलाला चालता येत नाही, त्याला इंजेक्शन देतात आणि तो उठून चालू लागतो. माझा विश्वास बसला नाही. ही माणसं नट होती का? आणि सरकारने हा चित्रपट कितीतरी वर्षं दडवला होता असं नातू म्हणतो, ते खरं का?*

गुरुजी, नट नव्हते. नातूही खरं बोलतोय.

हे इस्पितळ न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर ब्रेंटवूड इथे होतं, नाव मेसन जनरल. 1945 साली जॉन ह्यूस्टन तिथे गेले. तोवर ते 'द माल्टीज फाल्कन'चे दिग्दर्शक म्हणून हॉलिवूडमध्ये नावाजलेले होते, पण इथे अंगावर लष्कराचा गणवेश होता आणि हुद्दा मेजरचा. लष्कराच्या सिग्नल कोअर या विभागासाठी चित्रपट करायचे हे त्यांचं युद्धातलं काम. वरिष्ठांना हवं होतं ते एवढंच, की परतलेल्या या पोरांना लोकांनी वेडे समजू नये, कारखानदारांनी त्यांना नोकरीवर घ्यावं. थोडक्यात, प्रचारपट. कॅमेऱ्यामागच्या माणसांत स्टॅन्ली कॉर्टेझ होते, ज्यांनी त्याआधी ऑर्सन वेल्सचा 'द मॅग्निफिसंट अँबरसन्स' टिपला होता. संगीत दिमित्री टिओम्किन यांचं. निवेदनाचा तो भारदस्त आवाज दिग्दर्शकाच्या वडिलांचा, वॉल्टर ह्यूस्टन यांचा. म्हणजे लष्कराच्या खर्चाने घरचंच मंडळ जमलं होतं म्हणा ना.

पण त्यांनी केलं काय? कॅमेरे लावले आणि चालू ठेवले. डॉक्टर आणि रुग्ण समोरासमोर बसले की दोन कॅमेरे दोघांवर. सत्तरेक तासांचं चित्रीकरण जमलं आणि त्यातून तासाभराचा चित्रपट निघाला. मी संकलक आहे, मला आधी हा हिशेब दिसतो: एकोणसत्तर तास माणसं जमिनीवर पडली. सुरुवातीलाच पाटी येते, की यातला एकही प्रसंग मुद्दाम घडवलेला नाही.

तुमचा तो चालणारा मुलगा. त्याच्या पायांच्या नसांना काही झालेलं नव्हतं, मनाने पाय धरून ठेवले होते. सोडियम अमायटल दिलं की माणूस अर्धवट गुंगीत जातो, धरलेलं सुटतं. तुमच्या लक्षात राहिलं नसेल, पण निवेदनात लगेच सांगितलंय की पाय आले म्हणजे हा बरा झाला असं नव्हे, अजून बराच उपचार बाकी आहे. पण उठून चालणारा माणूस समोर दिसत असताना निवेदनाकडे कान कुणाचा असतो? चित्र नेहमी जिंकतं. दुसरा एक आहे, तो बोलताना अडखळतो, 'स' त्याला उच्चारता येत नाही, कारण तोफगोळा अंगावर येताना तसाच सूं सूं आवाज करत यायचा. औषधानंतर तो ओरडत सुटतो, मला बोलता येतंय, मला बोलता येतंय. हा प्रसंग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा यंत्र थांबवून खाली चहा प्यायला गेले होते.

दडवण्याची गोष्ट अशी. 1946 साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये हा दाखवायचा ठरला होता. ह्यूस्टन यांनी पुढे आत्मचरित्रात लिहिलंय, की खेळ सुरू होण्याच्या बेतात असताना लष्करी पोलीस आले आणि प्रिंट घेऊन गेले. मग तो पेटीतच पडून राहिला. 1980 च्या शेवटी उपराष्ट्राध्यक्ष वॉल्टर माँडेल यांच्यापर्यंत रदबदली गेली, तेव्हा लष्कराने बंदी उठवली. मधल्या काळात, 1948 साली, लष्कराने याच विषयावर दुसरा चित्रपट करवून घेतला, त्यात मात्र तुम्ही म्हणता तसे नट होते. गोरे नट. मूळ चित्रपटात काळे आणि गोरे सैनिक एकाच खोलीत, एकाच वर्तुळात खुर्च्या टाकून बसलेत, आणि एक काळा सैनिक प्रेयसीच्या फोटोची आठवण काढून ढसाढसा रडतो. त्या वेळी अमेरिकी लष्करात काळ्यांच्या पलटणी वेगळ्या असत. ती विभागणी मोडण्याचा राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांचा हुकूम 1948 च्या जुलैमधला. दुसऱ्या चित्रपटातून ते वर्तुळच गेलं.

बंदीचं कारण लष्कराने दिलं ते रुग्णांच्या खाजगीपणाचं. ह्यूस्टन यांचं म्हणणं, आम्ही सगळ्यांच्या सह्या घेतल्या होत्या, ते कागदच गहाळ झाले. ऐकणारा लगेच ह्यूस्टन यांच्या बाजूने उभा राहतो, मीही वीस वर्षं राहिले. लष्कराला आपले पडलेले चेहरे दाखवायचे नव्हते, यात मला आजही शंका नाही. पण गुरुजी, जरा त्या पोराच्या जागी बसून बघा. वय बावीस-तेवीस. हुकूम पाळायची सवय हाडात मुरलेली. अंगावर इस्पितळाचा झगा, झोप नाही, समोर मेजर, आणि मेजर म्हणतो, इथे सही कर. तो सही करणार नाही तर काय करणार? लष्कराने खोट्या कारणासाठी एक खरा प्रश्न विचारला होता, असं मला आता वाटतं. का वाटतं ते शेवटच्या पत्राच्या उत्तरात सांगते.

जाता जाता एक. याआधी ह्यूस्टन यांनी इटलीतल्या सान पिएत्रो गावच्या लढाईवर चित्रपट केला होता. त्याच इटलीत आपली पोरंही होती. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे जुलै 1944 मध्ये तिथे पडले, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नामदेव जाधवांना एप्रिल 1945 मध्ये सेनिओ नदीवरच्या पराक्रमासाठी मिळाला, ते परत आले. क्रॉस न मिळता परत आलेल्या मराठ्यांची गणती मोठी. रायगड, साताऱ्याच्या वाड्यावस्त्यांवर उतरल्यावर रात्री त्यांना झोप लागत होती का, हे विचारायला कुणी कॅमेरा घेऊन गेलं नाही.

आणि हो, नातवाला सांगा, 2012 साली हा चित्रपट नीट साफसूफ करून नव्याने उपलब्ध झाला. जुन्या प्रिंटमध्ये आवाज इतका वाईट होता की रुग्णांचं पुटपुटणं ऐकू येत नसे. तुम्ही ऐकलंत, मी तरुणपणी ऐकलं नव्हतं.

नाशिकहून एक वाचक लिहितात : *माहितीपटात संगीत नसावं असं तुम्ही दर वेळी सांगता. मग लोकांनी झोपायचं का?*

झोपा की. झोपलेला प्रेक्षक मला चालतो, व्हायोलिनने रडवलेला चालत नाही. वर सांगितलेल्या चित्रपटातही टिओम्किनसाहेबांचं संगीत नको तिथे येऊन खांद्यावर हात ठेवतं. तेवढं सोडलं तर चित्रपट थोर आहे.

कोल्हापूरहून वृत्तपत्रविद्येची विद्यार्थिनी लिहिते : *युद्धानंतरच्या सामान्य माणसांच्या जगण्यावरील माहितीपटामागे कोणकोण काम करतं, याची यादी मला प्रकल्पासाठी हवी आहे. सर्वांत महत्त्वाची व्यक्ती कोणती तेही कळवावे.*

बाळ, यादी कुठल्याही पुस्तकात मिळेल: दिग्दर्शक, छायालेखक, ध्वनिमुद्रक, संकलक, निर्माता. ती लिहून टाक, गुण मिळतील. माझ्याकडून दुसरी यादी घे.

पहिला, गाडीचा चालक. हसू नकोस. आमची मंडळी कॅमेरा लावत असायची तेव्हा तो त्या घरच्या पडवीत बसून तंबाखू मळत असायचा, आणि घरची माणसं सगळं त्याला सांगून बसायची. शहाणे दिग्दर्शक संध्याकाळी जेवताना आधी चालकाला विचारायचे, काय म्हणत होते रे?

दुसरा, दुभाषा. त्याने एक शब्द मवाळ केला की संकलनाच्या टेबलावर माणूसच बदलतो. एकदा 'नवऱ्याची वाट बघते' असं भाषांतर माझ्याकडे आलं होतं. त्या बाईंचं मूळ वाक्य होतं 'नवऱ्याच्या वाटेकडे बघते'. नवरा तीन वर्षांपूर्वी गेलेला होता. त्या येण्याची वाट बघत नव्हत्या, तो ज्या रस्त्याने गेला तो रस्ता बघत होत्या.

तिसरी माणसं, जी स्वतः त्यातून गेली आणि नंतर कॅमेऱ्याच्या या बाजूला किंवा त्या बाजूला येऊन बसली. कंबोडियाचे रिथी पान्ह घे. ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत घरची माणसं गेली, ते मुलगा असताना वाचले, फ्रान्सला पोचले, चित्रपट शिकले. 2003 च्या त्यांच्या माहितीपटात नोम पेनच्या एस-21 तुरुंगाचे जुने पहारेकरी त्याच इमारतीत परत येतात. एक पहारेकरी रिकाम्या खोलीत आपली जुनी पाळी करून दाखवतो: कुलूप काढतो, नसलेल्या कैद्यावर खेकसतो, पाणी देतो, कुलूप लावतो. अंग सगळं विसरलेलं नसतं. आणि त्यांना शांतपणे प्रश्न विचारतात ते चित्रकार वान नाथ, त्या तुरुंगातून जिवंत निघालेल्या मोजक्यांपैकी एक. राजवटीच्या प्रमुखाची चित्रं काढता येत होती म्हणून जगले. आता सांग, वान नाथ चित्रपटासमोर की चित्रपटामागे? दहा वर्षांनी पान्ह यांनी स्वतःच्या बालपणावर चित्रपट केला तेव्हा दाखवायला एकही फोटो नव्हता, म्हणून मातीच्या बाहुल्या केल्या. त्या घडवणाऱ्या शिल्पकाराचं नाव सारिथ मांग. यादीत 'मातीकाम' असाही रकाना ठेव.

चौथी माणसं, ज्यांची नावंच छापता येत नाहीत. इंडोनेशियात 1965-66 साली जी कत्तल झाली त्यावर जोशुआ ओपनहायमर यांनी दोन माहितीपट केले. ते युद्ध नव्हतं, तरी तुझ्या कामाचं आहे. त्यांच्या शेवटच्या पाट्या थांबवून वाच. 'अनामिक', 'अनामिक', 'अनामिक', खाली खाली जात राहतं. सहदिग्दर्शकसुद्धा. मारणारे अजून सत्तेच्या जवळ होते, म्हणून. दुसऱ्या चित्रपटात एक चष्मे करणारा माणूस आहे, त्याचा भाऊ त्या कत्तलीत मारला गेला. तो मारेकऱ्यांच्या घरी जातो, त्यांच्या डोळ्यांवर भिंगांची चौकट चढवतो, हे नीट दिसतंय का विचारतो, आणि मग भावाबद्दल विचारतो. चित्रपट झाल्यावर त्याला बायकापोरांसह गाव सोडून दूर जाऊन राहावं लागलं. दिग्दर्शक परदेशी परत गेला, असंच होतं बहुतेकदा.

सर्वांत महत्त्वाची व्यक्ती? मार्सेल ओफ्यूल्स यांचा चार तासांहून मोठा माहितीपट आहे, 1969 चा, जर्मनांच्या ताब्यातल्या क्लेरमाँ-फेराँ या फ्रेंच गावावर. त्यात दोघे शेतकरी भाऊ. त्यांतल्या एकाला कुणीतरी चुगली करून बुखेनवाल्डच्या छळछावणीत धाडलं होतं. तो परत आला. चुगली कुणी केली ते त्याला ठाऊक आहे, शेजारीच आहे, आणि याने काहीही केलेलं नाही. सांगताना आवाज चढत नाही. फ्रेंच दूरचित्रवाणीने हा चित्रपट 1981 पर्यंत दाखवला नाही. मला विचारशील तर त्या चित्रपटामागचा सर्वांत महत्त्वाचा माणूस तो शेजारी, जो एकाही चौकटीत नाही. हे मात्र प्रकल्पात लिहू नकोस, गुण जातील.

कोरेगाव तालुक्यातून एक बाई लिहितात : *ताई, माझे वडील 1971 च्या लढाईत मराठा लाइट इन्फंट्रीच्या जंगी पलटणीबरोबर, आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला होते. आता शहात्तर वर्षांचे आहेत. आम्ही त्यांना आबा म्हणतो. आबा लढाईबद्दल कधी बोलले नाहीत. पण आमच्याकडे एक आहे, रात्री घरातलं शेवटचं माणूस आत आल्याशिवाय ते ताटावर बसत नाहीत. पडवीत बसून हजेरी घेतात. धाकट्याची मोटारसायकल आली, थोरला आला, सून आली. पाहुणा असला तर पाहुणाही मोजतात. आई होती तोवर ती सांभाळून घ्यायची. ती गेल्यापासून रात्री उठूनही मोजतात. मला मोबाइलवर त्यांचा छोटा माहितीपट करायचा आहे. भाऊ म्हणतात, आबांना कशाला उकरतेस. मी काय करू?*

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आधी माझी गोष्ट ऐका, मग सांगते.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. निवृत्त जवान पुढे काय करतात, यावर वीस मिनिटांचा 16 मिलिमीटरचा माहितीपट माझ्याकडे संकलनाला आला. बहुतेक जवान बंदूकवाले पहारेकरी झाले होते. त्यातले एक गृहस्थ, बँकेच्या दारात डबल बारची बंदूक घेऊन उभे राहायचे. मुलाखत ठीकठाक होती, पाठ केल्यासारखी. दिग्दर्शकाने 'कट' म्हटलं. कॅमेरामन जुना, मुरलेला, त्याने कॅमेरा चालूच ठेवला. गृहस्थ म्हणाले, "झालं का साहेब? आता चहा घ्या." त्यांनी बशी उचलली आणि कपबशी वाजायला लागली. हात थरथरत होता. त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट धरलं, कप टेकवला, हसले. अकरा सेकंद. नाग्रावर, म्हणजे आमच्या ध्वनिमुद्रण यंत्रावर, तो कपबशीचा आवाज अगदी स्वच्छ आला होता.

मी ते अकरा सेकंद शेवटी ठेवले. दिग्दर्शकाला ते नको होते, मुलाखतीनंतरचं आहे म्हणून. मी भांडले. म्हटलं, हाच तर तुमचा चित्रपट, बाकी नुसती माहिती. जिंकले. सगळ्यांनी वाखाणलं. सहीचा कागद चित्रीकरणाच्या आधीच घेतलेला होता, फायलीत व्यवस्थित लावलेला.

पुढे सहा-सात महिन्यांनी कळलं, की चित्रपट त्या बँकेतल्या कुणीतरी पाहिला. हात थरथरणाऱ्या माणसाच्या हाती भरलेली बंदूक कशी द्यायची? त्यांच्या बाजूने बघाल तर चूक काही नाही. बंदूक काढून घेतली, पगार कमी झाला, फायली इकडून तिकडे नेण्याचं काम दिलं. मी भेटायला गेले. त्यांनी मला खुर्ची दिली, म्हणाले, "तुमचं काम छान झालंय, पोरांनी पाहिलं." एवढंच. त्यांच्या पत्नी चहा घेऊन आल्या. पदर सारखा करत मला म्हणाल्या, "बाई, तो हात आम्ही अकरा वर्षं झाकला होता."

मी चहा प्यायले. काय बोलले ते आता आठवत नाही. प्रिंट निघून गेलेल्या होत्या, परत बोलावता येण्यासारखं काही नव्हतं. त्या दिवसापासून मी एक ठरवलं: जोडलेलं चित्र त्या माणसाला दाखवल्याशिवाय निगेटिव्ह कापू द्यायची नाही. त्यामुळे दोन कामं हातची गेली, एका निर्मात्याने मला 'नैतिक आजीबाई' असं नाव ठेवलं, तेव्हा मी पस्तिशीचीही नव्हते. पण आधी सही देताना माणसाला ठाऊकच नसतं तो कशावर सही करतोय. त्याला वाटतं, आपण जे बोलणार त्यावर. आम्ही घेतो ते तर तो बोलायचा थांबल्यावरचं.

आता तुमचं.

करा. पण भावांच्या हातात मोबाइल द्या. तुम्ही विचारा, त्यांनी टिपावं. बाहेर उभा राहिलेला भाऊ विरोध करतो, कॅमेरा धरलेल्या भावाचा हात दुखतो, तो वेगळाच माणूस होतो. आबांना भिंतीला टेकवून खुर्चीत बसवू नका. ते जे करत असतील ते करू द्या, गोठा असेल, विळा लावणं असेल. 'लढाईत काय झालं' असं विचारू नका, त्याचं उत्तर शाळेच्या भाषणातलं येईल. पलटणीत जेवण कोण बनवायचं? पावसात बूट कसे वाळवायचे? शेजारी कोण झोपायचं? असं विचारा. शेजारी कोण झोपायचं हा प्रश्न पहिल्या दिवशी नको. हजेरीबद्दल तर तुम्ही विचारूच नका. ती नुसती टिपा, रोजच्यासारखी, तुम्ही स्वतः त्या हजेरीत असताना. मोजू दे त्यांना तुम्हालाही.

ते थांबले की मोबाइल खरंच बंद करा. आमच्या कॅमेरामनसारखं नको.

रात्रीचं उठणं वाढत असेल तर ते चित्रपटाचं काम नाही, डॉक्टरांचं आहे. माजी सैनिकांसाठी ईसीएचएस या आरोग्य योजनेचं पॉलिक्लिनिक असतं, आबांचं कार्ड असेलच, तिथे झोपेबद्दल बोला. भावांनी न्यावं.

तयार झालं की पहिल्यांदा आबांना दाखवा, मोबाइलवर नव्हे, टीव्हीला जोडून, त्यांच्या जागेवर बसून. रात्री हो म्हणाले तर सकाळी पुन्हा विचारा. भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याआधी एक मिनिटाचा तुकडाही नको. काही काढायला सांगितलं तर काढा, आणि काढलेलं मोबाइलमध्ये जपून ठेवायचं की नाही, तेही त्यांनाच विचारा.

हे उत्तर मी दीड महिन्यापूर्वी या बाईंना टपालाने आधीच पाठवलं होतं, अंकाची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. परवा त्यांचा फोन आला. चौदा मिनिटांचं झालंय. धाकट्या भावाने टिपलं, पन्नास ठिकाणी बोट मध्ये आलंय. आबांनी जेवणाआधी पूर्ण बघितलं, हजेरीचा भाग आला तेव्हा त्यांनी टीव्हीतल्या माणसांबरोबर पुन्हा मोजले. संपल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. सगळे श्वास रोखून बसलेले. मग धाकट्याला म्हणाले, "मागं ने जरा. तिथं, बांधावर. ती म्हैस कुणाची? आपल्या रानात कशी काय आली?"

सकाळी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाले, राहू दे. पण म्हशीचं त्या शेजाऱ्याला जाऊन सांगून आले म्हणे.